कुठले चौधरी?

दारावरची पाटी वाचली आणि रोहितने बेलकडे नेलेला हात मागे घेतला. ‘जयराम चौधरी.’ म्हणजे घरमालकही चौधरीच.

आजवर या आडनावाने त्याला तारलं होतं. चौधरी जळगावकडे आहेत, तसे बिहारातही आहेत. रोहित मूळचा तिकडच्या सिवानचा. पण इथे सातपुरात वाढला, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, आणि कुणी विचारलं तर बेधडक सांगायचा, “एरंडोलचे आम्ही.” एरंडोल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ते गाव त्याने कंपनीतल्या सोमनाथकडून उसनं घेतलं होतं, देवासकट, अहिराणी बोलीसकट. मात्र खऱ्या चौधरीपुढे ते चालवायची वेळ कधी आली नव्हती.

परत फिरावंसं वाटलं. पण बायकोला सातवा महिना लागला होता आणि अंबडची खोली महिनाअखेर सोडायची होती. तिथल्या मालकिणीने त्याच्या आईला जिन्यात भोजपुरीत बोलताना ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवशी ‘आमचे पाहुणे राहायला यायचेत’ असं सांगितलं. इंदिरानगरातल्या या जागेबद्दल एजंटनेही आधीच बजावलं होतं, “फक्त महाराष्ट्रीयन. म्हातारा लय कडक आहे.”

त्याने बेल दाबली.

दार म्हाताऱ्यानेच उघडलं. पांढरा लेंगा, कपाळाला अष्टगंध. आत भिंतीवर शिवाजी महाराज, शेजारी सप्तशृंगी देवी, टीपॉयवर घडी केलेला मराठी पेपर. इतकं मराठीपण एका खोलीत ठासून भरलेलं रोहितने पाहिलं नव्हतं. असल्या माणसांची त्याला मनातून किळस होती. वाकून त्याने म्हाताऱ्याचे पाय धरले.

“असू दे, असू दे. बस. नोकरी कुठे?”

“अंबडला, बाबा. क्वालिटीला आहे.”

“अंबड!” म्हाताऱ्याने नाक मुरडलं. “भरून टाकलंय नुसतं त्या भैया लोकांनी. एक जण खोली घेतो आणि मागून अख्खं गाव येतं.”

“आणि बोलणं बघा ना,” रोहित म्हणाला. “शेजारी बसून बोलतात, पण आवाज असा, जणू नदीपलीकडे हाक मारताहेत.”

म्हातारा खदखदून हसला. “बरोबर बोललास! आणि जिने? थुंकून थुंकून लाल.”

“वीस वीस वर्षं राहतात, पण चार वाक्यं मराठी येत नाहीत. खातात इथलं आणि गुण गातात तिकडचे.”

रोहितचा बाप सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहूनच म्हातारा झाला होता. त्याला चार वाक्यं मराठी येत नव्हती. ते आठवून रोहितला बापाचीच चीड आली.

पडद्याआडून बांगड्या भरलेला एक हात आला आणि चहाचा ट्रे स्टुलावर ठेवून मागे गेला.

“काकू, या ना बाहेर,” रोहित म्हणाला.

“तिला लोकांत बसायला नाही आवडत,” म्हातारा म्हणाला. “जुन्या वळणाची आहे. बरं, तू चौधरी म्हणजे... कुठले चौधरी?”

आला तो प्रश्न. रोहितने बशीतल्या चहाचा घोट घेतला आणि सावकाश सांगितलं, “एरंडोलचे.”

म्हाताऱ्याचा कप हातातच राहिला. “खास एरंडोलचे?”

याला शंका आलीय, रोहितला वाटलं. आता सोंग आणायचं तर पुरतं आणावं. “हो, पिढ्यान्‌पिढ्या. तुमनं कसं काय बाबा, बरं शे ना?”

“हो हो. बरं आहे,” म्हातारा म्हणाला.

शहरात दोन पैसे मिळाले की हे लोक बोलीसुद्धा विसरतात, रोहितच्या मनात आलं. त्याला जोर चढला. “आणि तुम्ही कुठले, बाबा?”

“आम्ही... चोपड्याकडचे.”

“चोपड्याचे? मग घरचेच निघालात की! माझी मावशी चोपड्यालाच दिलीय. कोणत्या गल्लीतले तुम्ही? वडिलांचं नाव काय?” मावशीही सोमनाथचीच, उसनी घेतलेली.

“फार वर्षं झाली रे. आता कोण राहिलंय तिथे.”

“असं कसं! मावशीला आजच फोन लावतो. आपल्यात ओळख निघाल्याशिवाय राहते का? आणि काकूंना सांगा, आमच्याकडचं कुणी ना कुणी सारखं येत असतं. मावशी आली की दोघी मनसोक्त अहिराणीत बोलतील. कळण्याची भाकरी, भरीत, सगळं गावासारखं.”

म्हाताऱ्याने पडद्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला.

“त्याचं असं आहे,” तो म्हणाला, “पुतण्याचा काल निरोप आला. त्यालाच जागा हवीय म्हणे.”

रोहितला कळेना, चुकलं कुठे. गाव सांगितलं, बोली बोलला, भैयांना शिव्याही घातल्या. “बाबा, एजंट तर म्हणाला जागा रिकामी आहे. बायकोला सातवा महिना आहे. डिपॉझिट वाढवून घ्या. वाटल्यास मावशीला आत्ताच फोन लावून देतो, तुम्हीच बोला.”

“नको!” म्हातारा ताडकन उठला. मग आवाज उतरवून म्हणाला, “तुझ्यासारख्याला कोण नाही म्हणेल, बाळा? कुठेही मिळेल. मला माफ कर.”

त्याने दार उघडून धरलं. रोहित बाहेर आला. आतून कडी लागली. स्वतःला अस्सल म्हणवणाऱ्या या जातीला मनोमन शिव्या देत तो पायरीवर बसून बुटाची नाडी बांधू लागला.

दाराआड म्हातारा बायकोला भोजपुरीत सांगत होता, “घर ना दिहनी हम. ई त असली मराठी रहल, एरंडोल के. महिना भर में पहचान लेइत कि हमनी के बिहारी बानी जा.”