चूलबंद आवतन

साडेबाराच्या सुमाराला रेणुकाने काचेतून बाहेर पाहिलं आणि तिचा चीज किसणारा हात जागच्या जागी थांबला.

मारुतीच्या पाराकडून माणसं येत होती. एक-दोन नव्हे, गल्लीच्या गल्ली. पुढे म्हातारे, मधे लेकरं, मागे डोक्यावरचा पदर सावरत बाया. आणि जाणत्या माणसांच्या हातात पाण्याने भरलेला एकेक तांब्या.

बोरी गावातलं हे पहिलं पिझ्झाचं दुकान. अकराला फीत कापली तेव्हापासून आत गिऱ्हाईक म्हणून आली होती ती एक माशी. लोक यायचे, काचेला नाक लावून बघायचे, बोर्ड मोठ्याने वाचायचे आणि निघून जायचे. नवऱ्याने, प्रीतमने, पंधरा दिवस मोबाइलवर स्टेटस ठेवला होता, फाट्यावर बॅनर लावला होता. दुकान चाललं नाही तर दोघांना परत पुण्याला जावं लागणार होतं, दुसऱ्याच्या ओव्हनपुढे उभं राहायला.

"आले बग लोक!" प्रीतम ओरडला. मग त्याचा आवाज उतरला. "पन तांब्या कामून आणलाय सगळ्यांनी?"

तांब्या माणूस पंगतीला नेतो. हॉटेलात नाही. रेणुका गर्रकन मागे वळली. सासूबाई, सुमनबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या आणि घरी वऱ्हाड आल्यासारख्या हसत होत्या.

"आत्याबाई, तुमी काय केलंत?"

"काय केलं म्हंजी? आवतन दिलं. चूलबंद."

चूलबंद म्हणजे घरातलं एकही माणूस मागे ठेवायचं नाही, त्या दिवशी चूलच पेटवायची नाही. लग्नाकार्यात देतात असं आवतन. त्या जेवणाचे पैसे कुणी घेत नाही.

"अवो, हे दुकान हाय आत्याबाई!"

"मंग? बिनबोलावता कोन कुनाच्या दारात जेवायला येतं? त्या मोबाइलातल्या बोलावन्यानं कुत्रं तरी आलं का? मी तांबडं फुटल्यापासून घरोघर कुंकू लावून आले."

बाहेर लोकांनी बसायलाही सुरुवात केली होती. समोरासमोर दोन रांगा, मांडी घालून, तांब्या उजव्या हाताला. आतल्या चकचकीत खुर्च्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"मी सांगून येतो," प्रीतम म्हणाला. "चूक झाली म्हनून."

"खबरदार! आवतनाचं मानूस दारातून माघारी लावलं तर जन्मात कुनी पाय ठेवल का हितं?" रेणुकाने पदर खोचला. पिठाचे गोळे होते वीस. माणसं तीनशेच्या पुढे. तिला कसं कुणास ठाऊक, हसूच फुटलं. "ओव्हन सगळा लाव. आठाच्या जागी सोळा तुकडे करायचे."

मग जी घाई उडाली! रेणुका थापतेय, प्रीतम भाजतोय, आणि सुमनबाई हातात परात घेऊन रांगेतून अशा फिरतायत की जणू जिलबीच वाढतायत. "घ्या हो! लाजता कामून? घरचंच हाय!"

रांगेच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्या महारुद्र आबांनी तुकडा उचलला. चीजची तार हनुवटीपर्यंत लोंबली. सगळी रांग त्यांच्याकडे बघत राहिली.

"तार सुटली," आबा म्हणाले. "म्हंजी पाक जमला."

रांगेत हशा पिकला आणि माणसं तुटून पडली. समोरच्या रांगेतल्या सुकेशनीने तुकडा खालून-वरून न्याहाळला. "माय, समदं कालवन भाकरीवरच सांडलंय की!"

"सांडलं न्हाई मावशी, मांडलंय," रेणुका आतून ओरडली.

"आन् वरन-भात मागून यायलाय का?"

"तुमी आदी हे तर संपवा!"

दुसरी पंगत बसली, तिसरी उठली. शेवटच्या रांगेला तुकडा बोटाएवढा झाला होता, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. चुळा भरून, हात पुसून, "अन्नदाता सुखी भव" म्हणत गाव आलं तसं निघून गेलं. जाता जाता प्रत्येकजण म्हणाला, लय झाक होतं. उद्या येतो असं मात्र एकानेही म्हटलं नाही.

रेणुका ओट्याला टेकून उभी राहिली. चीज संपलं होतं, डब्याच्या कडेला तेवढं मूठभर. पिठाचा एक गोळा उरला होता. तिने स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गल्ला उघडायचं कामच पडलं नव्हतं.

काचेचा दरवाजा करकरला. भिवराबाई होती, सत्तरीच्या पलीकडची. पंगतीत तिच्या वाट्याचा तुकडा दोन्ही नातवांनी मिळून पळवलेला रेणुकाने पाहिला होता.

"काय राहिलं का आजी? तांब्या इसरला का?"

भिवराबाईने काचेजवळची खुर्ची ओढली, हाताने चाचपून पाहिली आणि वर मांडी घालून बसली. मग कमरेची पिशवी सोडली.

"आवतनाचं झालं माय," ती म्हणाली. "आता इकत दे. एक."

रेणुकाने दोन्ही हातांनी तो गोळा उचलला. थापला, सॉस लावला, डब्यातलं चीज शेवटच्या कणापर्यंत खरवडून वर घातलं. ओव्हनसमोर ती लेकराच्या पाळण्यापाशी उभं राहावं तशी उभी राहिली. पिझ्झा फुगला, कडा तांबूस झाल्या. तिने तो बाहेर काढला आणि सवयीने सुरी उचलली.

"ए पोरी," भिवराबाई खुर्चीतून म्हणाली. "कापू नको."