शीरखुर्मा कसा झाला?

संकटात माणुसकी हाच खरा धर्म, असं शंकरराव साऱ्या गल्लीला सांगत. शेजारच्या समीनाभाभींच्या घरात कोरोना शिरला, तेव्हा त्यांनी रोज भाभींच्या फाटकाला जेवणाचा डबा अडकवला. ईदच्या दिवशी मात्र डबा रिकामा आला नाही, शीरखुर्म्यानं भरून आला. शंकररावांनी तो काठीला अडकवून नालीपर्यंत नेला आणि उपडा केला. तेवढ्यात भाभींचा फोन.

"कसा झाला, भाऊ?"

"एक नंबर, भाभी! बोटं चाटली."

"मंग बरं झालं. आमच्या दोघायच्याबी नाकाले वासच नाही राह्यला. गरमीत दूध खराब झालं का काय, समजूनच नाही राह्यलं. आता देतो लेकीले."

"हाव," शंकरराव म्हणाले.

नालीपाशी आलेलं कुत्रं शीरखुर्मा हुंगून, तोंड न लावता निघून गेलं.