नितळ पाण्याच्या बाटल्या

सातवी बाटलीही स्वच्छ निघाली.

रोवीना टकेटने ती खिडकीपाशी उजेडात धरून पुन्हा पाहिली. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई. चाचणीवर तिचा भरवसा होता. माणसांवरचा उडत चालला होता.

गेल्या उन्हाळ्यात हीच नदी नाकाला रुमाल लावून ओलांडावी लागत होती. गावाचं सांडपाणीही सांभाळणारी पाणी कंपनी पावसाचं निमित्त करून सरळ नदीत मैला सोडून द्यायची. बंधाऱ्यापाशी पोहायला शिकणारी अकरा मुलं आजारी पडली. त्यांना शिकवणाऱ्या बेरिलची स्वतःची नात दोन आठवडे इस्पितळात होती. तेव्हा गावाने नदी समिती काढली. आता तीन आठवड्यांवर नियामकांपुढची सुनावणी आली होती. कंपनीला पाणीपट्टी वाढवून हवी होती, आणि समितीकडे पुरावा काय, तर सात बाटल्या नितळ पाणी!

"आपण नमुने घ्यायला जायच्या आधीच त्यांना कळतंय," रोवीना म्हणाली. "आपल्यातलंच कुणीतरी फितूर झालंय."

बेरिलने तिच्या कपात चहा ओतला. "कोण असेल गं?"

"लेनर्ड, दुसरं कोण? लंडनहून येऊन वर्ष झालं नाही, आणि दर वेळी तारीख विचारत असतो. कंपनीचे शेअरसुद्धा आहेत त्याच्याकडे."

"असतील," एवढंच बेरिल म्हणाली आणि दुधाचं भांडं पुढे सरकवलं.

दुसऱ्याच दिवशी रोवीनाने लेनर्डला पोस्टाच्या दारात गाठलं.

"शेअर घेतलेत म्हणे तुम्ही!"

"घेतलेत की. दहा," लेनर्ड म्हणाला. "भागधारक असल्याशिवाय वार्षिक सभेत तोंड उघडू देत नाहीत. आजारी पोरांबद्दल विचारायला उभा राहिलो, तर माइकच बंद केला."

"छान रचलंय!"

तो रागाने लाल झाला आणि तडक निघून गेला.

पुढची तारीख तिने त्याला कळवलीच नाही. पाणी स्वच्छच निघालं. मग एका बुधवारी कुणालाही न सांगता, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून ती एकटीच नदीवर गेली. नववी बाटली. तीही स्वच्छ. आता तिला स्वतःच्या फोनचाही संशय येऊ लागला.

शनिवारी सकाळी ती बंधाऱ्यावर गेली. सुनावणीचा नाद सोडावा, एवढंच तिला बेरिलला सांगायचं होतं. पोहण्याचे कपडे घातलेली पोरं काठावर कुडकुडत उभी होती. बेरिलचा दबका आवाज शेडच्या मागून येत होता.

"हो, आजच. दहा वाजता बाटल्या घेऊन येतायत. आणि हे बघा, माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

रोवीना शेडला वळसा घालून पुढे आली. चाळीस वर्षांची मैत्रीण!

"बेरिल! तू?"

बेरिलने शांतपणे फोन खिशात टाकला.

"आणि आज कोण येणार होतं बाटल्या घेऊन?" रोवीनाने विचारलं. "आज आपली तपासणीच नाही!"

"माहीत आहे मला." बेरिलने शिट्टी फुंकली. पहिली सहा पोरं ओरडत पाण्यात उतरली. "येतायत म्हणून मी त्यांना रोजच सांगते."