यादीत राहिलेला नंबर

प्रचारात उमेदवारापेक्षा ओळखीचा आवाज जास्त चालतो, हे रत्नाला ठाऊक होतं. म्हणून तिनं पुण्यात काढलेल्या कंपनीनं तिच्याच वारलेल्या वडिलांचा, गेनबा सरपंचांचा आवाज ग्रामसभेतल्या भाषणांवरून संगणकात घडवला आणि घरोघरी फोन लावले. उमेदवार निवडून आला. यादीतून आईचा नंबर काढायचा मात्र राहिला. महिन्याभरानं रत्ना विंझरच्या वरच्या वाडीवर आईकडं आली, तर आईच्या कपाळावर पुन्हा कुंकू. “ह्यांचा फोन येतो की रोज, शेरडं परतायच्या वक्ताला.” रत्नानं तिचा हात धरला. “आई, ते मशीन बोलायचं. निकालादिवशीच बंद केलं म्या.” “असंल,” आई हसली. तेवढ्यात मोबाईल वाजला. आईनं पदर सावरून तो रत्नाच्या कानाला लावला. आतून वडील शेरडांना घालायचे ती साद आली. कुठल्याच भाषणात ती नव्हती. गोठ्यातली शेरडं उठली आणि वडील यायचे त्या चढणीच्या वाटेकडं बघू लागली.