पाच नंबर

इवन क्रॉझरचा डावा कान रग्बीत घासून घासून कोबीच्या पानासारखा दुमडलेला आहे. उजवा शाबूत.

खाण्याच्या तंबूतली मटण भरलेली शेवटची पाई संपली आणि रांगेतल्या बायाबापड्यांनी एका सुरात शिवी हासडली.

इवनच्या घरच्या कपाटात जर्स्या आहेत. एक, दोन, तीन, चार, सहा, सात.

टेकडीवरच्या मेंढ्या मैदानाकडे पाठ करून चरताहेत.

आडदांड रॉबसन खांदा धरून बाकावर बसलाय. त्याला उठता येत नाही.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट. रॉबसन म्हणजे कर्कहोप गावाच्या रग्बी संघाचा तीन नंबर, स्क्रममध्ये रेटा देणारा गडी. सात जणांच्या या खेळात दोन्हीकडचे तीन-तीनच खेळाडू वाकून एकमेकांना भिडतात. त्यातला एक गेला की भिंतीतला चिराच निखळला. उपांत्य सामना जिंकता जिंकता रॉबसनचा खांदा निखळला होता. हॉबशॉ गावाशी अंतिम सामना तोंडावर. आणि बदली खेळाडू सगळे नुसते पळणारे.

कपडे बदलायच्या खोलीतल्या खेळाडूंनी इवनकडे पाहिलं. सवयीनंच.

विशीपासून पस्तिशीपर्यंत हेच. जिथं भोक पडेल तिथं इवन. कुणाचा गुडघा गेला, इवन. कुणी बहिणीच्या लग्नाला गेला, इवन. स्कॉटलंडच्या संघातून तो दुबई-हाँगकाँग करून आला, तेही बाकावरून उठून, दुसऱ्याच्या जागी. चेंडू हातात आला की खेळ कुठं वळवायचा हे ठरवतो तो पाच नंबर. शाळेपासून त्याला तीच एक जागा हवी होती. घरच्या मैदानावरची ही त्याची शेवटची स्पर्धा, म्हणून प्रशिक्षक वॅटनं सकाळीच पाच नंबरची जर्सी त्याच्या अंगावर फेकली होती. "घे बाबा. फायनल गाठली तर तूच."

इवन ती जर्सी डोक्यावरून काढायला लागला.

"राहू दे अंगात," मंगो म्हणाला.

मंगो छपरांवर दगडी पाट्या बसवायचं काम करायचा. बदली खेळाडूंतला, मैदानावर कडेनं पळणारा, काटकुळा. त्यानं रॉबसनची जर्सी उचलून चढवली. ती त्याच्या मांड्यांपर्यंत आली.

"तू वाकणार स्क्रमला?" इवन म्हणाला. "वाऱ्यानं उडशील रे."

"दिवसभर छपरावर असतो मी. वाऱ्याचं मला नको सांगूस."

"आत अजून एक माणूस मावेल," रॉबसन कण्हत म्हणाला. "घ्या कुणालातरी."

वॅटनं घसा साफ केला. "तीन नंबर मंगो. चला."

*

पहिला स्क्रम.

मंगो वाकला, आणि मागून पाहणाऱ्या इवनला सगळं चुकलेलं दिसलं. कोपर खाली. मान खाली. हॉबशॉचा समोरचा गडी बैलासारखा. अशी मान घातली तर मोडायची.

पाय निघाले. इवननं त्यांना सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजू भिडल्या तेव्हा तो मंगोच्या बगलेत खांदा घालून घट्ट वाकलेला होता, जसा आजवर वाकत आला तसा.

शिट्टी.

"चौथा कोण हा?" पंचांनी विचारलं.

इवन ताठ झाला. मागची जागा, त्याची जागा, मोकळी पडलेली.

"ए क्रॉझर, दोन-दोन जागा खेळतोस होय रे!" दोरीमागून कुणीतरी ओरडलं.

"पुढच्या वर्षी त्याला एकट्यालाच उतरवा! सहा जर्स्या वाचतील!"

सगळं मैदान हसलं. वाईट मनानं नाही, गावातलीच माणसं. हॉबशॉवाल्यांनी मात्र हसू ओसरायच्या आत दंड म्हणून मिळालेला चेंडू झटकन खेळत नेऊन थेट खांबांमध्ये टेकवला आणि गुण घेतले.

इवनचे दोन्ही कान पेटले. तो मंगोजवळ गेला.

"तीन नंबर मला दे. मला दुसरं काही येत नाही, मंगो."

मंगोनं तोंडातली माती थुंकली. "नाही देत."

"मान मोडून घेशील."

"मग मान कशी धरायची ते सांग आणि मागं हो."

इवननं त्याचं कोपर धरून वर उचललं. मग म्हणाला, "कोपर वर. छाती पुढं. आणि खाली गवताकडे बघू नकोस, समोर बघ."

"बघतो. जा तू."

*

दुसरा स्क्रम.

इवन मागं सरकला. आणखी मागं. आसपास कुणी उरलं नाही, टाचांखाली नुसतं ओलं गवत. मैदान इतकं रुंद असतं हे त्याला माहीत नव्हतं. हातांचं काय करायचं कळेना. त्यानं ते चड्डीला पुसले.

पुढं मंगो रॉबसनच्या जर्सीत दिसेनासा झाला. कोपर वर होतं. हॉबशॉचा बैल रेटत होता आणि मंगोचे बूट चिखलात फाळासारखे रुतत मागं येत होते, पण तो मोडला नाही. चेंडू त्या सगळ्या पायांखालून निसटून बाहेर आला, कुणीतरी तो उचलून भिरकावला आणि तो इवनच्या हातांत येऊन बसला.

डावीकडं वाट होती. उजवीकडंही. दोरीमागची माणसं तो कुणीकडं वळतो ते बघत होती.

त्याच आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी मंगो वॅटच्या घरी जाऊन सांगून आला होता, की स्क्रममधला कुणी पडलाच तर इवनला विचारायचं नाही, आपणच वाकू.