सहलीचे फोटो

“थांबा, फोटो काढते. हसा ना जरा.”

बायकोने पुन्हा अडवलं. मी वैतागून वेरूळच्या पायरीवर बसलो. माझ्या बायपासनंतरची आमची ही पहिलीच सहल, आणि सकाळी पैठणच्या बागेपासून हिचं दर वळणावर हेच चाललेलं. बसलो की तेवढाच दम खाता यायचा.

लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळातल्या लेण्यात एकदाचे पोचलो. “दाखव फोटो,” म्हणत मी तिच्या हातातून फोन घेतला. स्क्रीन कातळाइतकाच काळा.

“बागेतच बंद पडला,” ती दुसरीकडे बघत म्हणाली.

उतरताना ती गुडघा धरून चालू लागली.

“थांब,” मी म्हणालो, “तुझा एक काढतो.”

पदर सावरून ती पायरीवर टेकली, हसली. ती आपणहून उठेपर्यंत मी त्या बंद फोनने फोटो काढत राहिलो.