पाणबुड्याची करंगळी

अंगठा. तर्जनी. मधलं बोट. अनामिका. करंगळी.

कोमट पाणी, मऊ फडकं, चिमूटभर पावडर.

ओढायचं नाही. वाकेल तेवढंच वाकवायचं. सकाळी दहाला, रात्री दहाला.

नोंद क्रमांक सत्तेचाळीस : पाणबुड्या, उंची एक वीत, हात रबरी, वय चाळीस वर्षं.

शाई लावून तयार ठेवलेला शिक्का : नकली.

शिक्का परीक्षकाच्या डाव्या हातात होता. जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनात टेबलापलीकडे तो पांढरे सुती हातमोजे घालून बसला होता. त्याने पाणबुड्याची करंगळी दाबली. ती वाकली, आणि सोडताच सरळ झाली. परीक्षकाचं तोंड वाकडं झालं ते मात्र सरळ होईना.

"बाई, चाळीस वर्षांत रबर एक तर तडकतं, नाहीतर चिकट होतं. हे हात लोण्यासारखे कसे? नवे बसवलेत तुम्ही."

"लोणी आम्ही कुणालाच लावत नाही," पाणबुड्या घेऊन आलेली ती म्हणाली.

मागे उभे असलेले संग्राहक हसले. त्यांचेही पाणबुडे होते, सीलबंद खोक्यात, कुणाची बोटं गळालेली, कुणाची खडूसारखी कडक. तरी हसले.

परीक्षकाने बारीक कात्री काढली. करंगळीचं टोक कापायचं, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि जाळून राख तपासायची. रबर जुनं ठरलं तर पाणबुड्या वर्षभर काचेच्या कपाटात, खाली मालकाच्या नावाची पट्टी. मालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पट्टी त्याने महिन्यापूर्वीच करून घेतली होती, ती तिच्या पर्समध्ये होती. तो स्वतः जिन्याखाली दारापाशी थांबला होता. चाकांची खुर्ची वर चढवायला हात लावा म्हटल्यावर इथल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं होतं.

"दाण्याएवढंच तर कापायचंय," परीक्षक म्हणाला. "सोन्यासारखी संधी आहे."

"सुरी सोन्याची असली म्हणून कुणी उरात मारून घेतं का?" तिने आपली करंगळी टेबलावर ठेवली. "ही कापा. माझी भरून येईल. त्याची येणार नाही."

"मग मला नकली लिहावं लागेल. कायमचं."

तिचा हात पर्सवर गेला. पट्टी आत होती. महिनाभर रोज भाऊ विचारत होता, अक्षर मोठं आलंय ना, लांबून दिसेल ना.

जिन्यातून आवाज चढला. "ताई! कापल्या करंगळीवर न मुतणारी माणसं ती. त्यांच्याशी काय हुज्जत घालतेस? आण त्याला खाली!"

आता कुणी हसलं नाही. तिने परीक्षकाच्या हातातून शिक्का घेतला आणि स्वतःच अर्जावर हाणला. असा, की कात्री टेबलावरून खाली पडली.

"घ्या. तुमचे कष्ट वाचले."

पाणबुड्याला पदरात गुंडाळून ती जिना उतरली.

"झाला नकली?" भावाने विचारलं.

"मीच केला."

"झकास. आता ती पट्टी माझ्या खुर्चीला लाव. लांबून दिसेल अशी."

तिने लावली. पाणबुड्याला त्याच्या मांडीवर बसवलं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते. ती शेवटच्या पायरीवर टेकली, पर्समधून पावडरचा डबा काढला आणि पाणबुड्याच्या अंगठ्यापासून सुरुवात केली.

झाडावरून पडला तेव्हा भाऊ नऊ वर्षांचा होता, आणि डॉक्टरांनी त्याच्या बोटांसाठी हा व्यायाम लिहून दिला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "आधी पाणबुड्याला."